दगडाची पाठ

पलीकडून

"तिचं कोणतं नाव घालणार तुमी?"

"सुवर्णा आनंदा मगदूम."

"ती कोण?"

मी कागदावरून मान वर केली. शेवंतामावशी चुलीपुढे उकिडव्या बसून फुंकणीने जाळ करत होत्या. विचारताना त्यांनी माझ्याकडे बघितलंही नव्हतं.

"तुमची मुलगी, मावशी."

"माझ्या लेकीचं नाव हौसा."

हौसा म्हणा, सुवर्णा म्हणा, ती आदल्या श्रावणात नदीत गेली होती. मळेवाडीच्या बायका भांगलणीला, तण काढायला, नदी ओलांडून पलीकडच्या शेतात जात होत्या. पाणी ओसरलंय असं नावाड्याला वाटलं. मध्यावर नाव उलटली. नऊ जणी गेल्या. पेपरात मथळा होता, 'नाव बुडाली'. माणसाचं नाव आणि नदीतली नाव यांना आपल्याकडे एकच शब्द आहे, हे मला तोवर कधी खटकलं नव्हतं.

मळेवाडीने घाटावर स्मारक बांधायचं ठरवलं. काम आमच्या कोल्हापूरच्या आर्किटेक्ट ऑफिसकडे आलं आणि ऑफिसचे प्रमुख हुपरीकर सर यांनी ते माझ्या टेबलावर ठेवलं. माझं पहिलं स्मारक. पुढे मी बरीच केली. धरणातल्या मजुरांचं, भूकंपाचं, एका शाळेचं. लोक मला स्मारकवाली बाई म्हणतात. पण ही गोष्ट पहिल्याची आहे.

त्या दिवशी मी नदीपलीकडून घाट कसा दिसतो ते बघायला बोरीत गेले होते. बोरी हे हौसाचं माहेर. शेवंतामावशींच्या अंगणातून लेकीच्या सासरची कौलं दिसायची.

"लग्नात ताटात तांदूळ पसरत्यात," मावशी म्हणाल्या. "नवरा अंगठीनं त्यात बायकूचं नाव लिवतो. मला कुठं वाचाय येतंय? कोण तरी म्हटलं, सुवर्णा ठेवलंय. मी म्हटलं, असू दे, ग्वाड हाय. पर त्या नावानं मी तिला कवा हाक मारली न्हाई. मग ती दगडावरची माझी कोण लागती?"

"तुम्हाला वाचता येत नाही ना, मावशी?" हे मी वाईट अर्थाने नाही विचारलं.

"न्हाई येत, म्हणूनच तर. कुणी वाचून दावलं, तर म्या काय ऐकू?"

मावशींची धाकटी, शालन, चहाची कपबशी घेऊन आली. अठरा-एकोणीसची असेल. मघापासून ती माझ्या गळ्यातल्या मोजपट्टीकडे बघत होती.

"बाई, तुमी मेलेल्यांचंच बांधता व्हय? जित्या माणसांची घरं न्हाई बांधत?"

"बांधते की. पण अजून कुणी दिलं नाही."

"मग ह्येच बरं हाय. मेलेली माणसं छत गळतंय म्हणून भांडाय येत न्हाईत."

मावशी हसल्या. लेक गेल्यापासून आई पहिल्यांदा हसली, असं शालनने मला नावेपर्यंत सोडायला येताना सांगितलं.

निघण्याआधी मी मावशींना शब्द दिला. हौसा हे नाव दगडावर असेल. त्यांनी माझ्या दोन्ही हातांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. त्यांना लेक गेल्यावर तेवढंच हवं होतं. मला वाटलं, हे तर काहीच अवघड नाही.

कागदावर

दोन नावं एका दगडावर कशी घालायची?

एकाखाली एक घातली तर वरचं मोठं होतं. कंसात घातलं तर कंसातलं नाव खोटं वाटतं. 'ऊर्फ' लिहिलं तर पोलिसांच्या फळ्यावरच्यासारखं दिसतं.

मी आठवडाभर खोडत बसले. मग घाट आठवला. घाटावर माणसं दोन बाजूंनी येतात. मळेवाडीची वरून उतरतात. बोरीची नावेतून येऊन खालून चढतात.

नऊ उभे काळे दगड. छातीइतके उंच. पायऱ्यांवर मोकळे, एकमेकांपासून सुटे, बायका घाटावर बोलत उभ्या राहतात तसे. वरून उतरणाऱ्याला सासरचं नाव दिसेल. खालून येणाऱ्याला माहेरचं.

पुढची बाजू आणि मागची बाजू असं काही नाहीच.

(खरं तर हे वाक्य मला इथे लिहायचं नव्हतं. पण कागदावर ते खरं होतं.)

हुपरीकर सरांनी नकाशा बराच वेळ बघितला. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"विशाखा, हे मला सुचायला हवं होतं," ते म्हणाले.

त्यांच्या तोंडून असं वाक्य ऑफिसात कुणी ऐकलं नव्हतं. संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना भडंग मागवलं.

स्मारक समितीचे प्रमुख नाना मगदूम. हौसाचे सासरे, आनंदाचे वडील. ते नकाशा बघायला आले तेव्हा मी दगडाची छोटी प्रतिकृती करून ठेवली होती. त्यांनी ती उचलली, उलटी केली, परत सुलटी केली.

"दोन्ही बाजूंनी कोरायचं?"

"हो."

"दगडाला पाठ असती, बाई."

"या दगडाला नाही, नाना."

नाना हसले. प्रतिकृती त्यांनी टेबलावर ठेवली, ती आडवी. "बगू," म्हणाले.

मी माहेरं पालथी घातली. नऊही जणींची नावं मिळवली. एक अंबूताई होती, एक धोंडाबाई, एक नुसतीच बाळी. पाथरवटाने दोन्ही बाजू कोरल्या तेव्हा मी तिथे उभी होते. हौसा हा शब्द कोरायला त्याला फार वेळ लागला नाही. तिथे आडनाव नव्हतं, नवऱ्याचं नाव नव्हतं. नुसतं हौसा.

दगड घाटावर बसवायची वेळ आली तेव्हा सरांनी मला सोलापूरच्या दवाखान्याच्या कामावर पाठवलं. "घाटाचं मी बघतो," म्हणाले. "तू एवढं केलंस, आता मला थोडं करू दे."

गाडीतून

उद्घाटनाच्या दिवशी सर मला स्वतः घ्यायला आले. मागच्या सीटवर पेढ्यांचा पुडा होता.

"झोप झाली का?"

"नाही, सर. लग्नाच्या आदल्या रात्री झाली होती तेवढीसुद्धा नाही."

"आज तुझ्यासाठी एक गंमत आहे."

"काय?"

"गेल्यावर बघ."

"सर, खालून आलेल्याला नावं नीट दिसतात का हो? मला तिरप्या उन्हाची काळजी वाटत होती."

"ऊस काय वाढलाय बघ यंदा."

"सर?"

"अगं, सगळं छान झालंय. पेढा घे."

"आत्ता नको."

"घे गं. गोडानं सुरुवात करावी."

मी घेतला. सर गाडी चालवता चालवता जुनं भजन गुणगुणत होते. वळणावर थांबून त्यांनी एका म्हातारीला रस्ता ओलांडू दिला. मी त्यांच्याकडे बघून मनात म्हटलं, काय माणूस आहे.

समोरून

घाटावर मांडव होता. मांडवाच्या खांबांना केळीचे खुंट बांधले होते. वरच्या पायरीशी कोनशिला होती, तिच्यावर माझं नाव. सरांची गंमत ती हीच.

वास्तुविशारद : सौ. विशाखा अभय दांडेकर.

मी हर्डीकर म्हणून काम करते. तेव्हाही करत होते.

"सर, हे नाव मी लावत नाही."

"अगं, गावात चांगलं दिसतं ते. मोठं अक्षर घेतलंय बघ."

मग मी खाली बघितलं.

नऊ दगड एका रांगेत उभे होते. शाळेत पोरं भिंतीला टेकवून उभी करतात तसे. त्यांच्यामागे भिंत होती. नवी, घडीव दगडाची, छातीपेक्षा हातभर उंच. दगड आणि भिंत यांच्यामध्ये सिमेंट भरलं होतं. सांधा इतका सुबक होता की तो सरांच्या देखरेखीखाली झालाय हे कुणालाही कळलं असतं.

सुवर्णा आनंदा मगदूम. डावीकडून चौथी.

मी पायऱ्या उतरून गेले. भिंतीच्या टोकाला वळसा घालून मागे गेले.

मागून

समोरून, पुन्हा

"पुराचा जोर," सर म्हणाले. "सुटे दगड टिकले नसते."

"पायाचा हिशोब तुम्हीच तपासला होता. सही तुमची आहे."

"हिशोब कागदावर असतो, विशाखा."

"नावं कुठायत?"

"आहेत ना. कुणी पुसली का? कोरलेली आहेत, जागच्या जागी आहेत. फक्त आत आहेत."

"सर, आत कुणासाठी?"

ते नेहमीच्या, शिकवायच्या आवाजात म्हणाले, "गाव नको म्हणत होतं. मी भांडलो असतो तर स्मारकच झालं नसतं. निम्मं झालं हे काय कमी आहे?"

"मला सांगायचं तरी."

"तू भांडली असतीस."

फेटा बांधलेले नाना आमच्याकडे येत होते. त्यांनी माझ्यापुढे नारळ धरला. मी घेतला नाही, तेव्हा त्यांनी तो शांतपणे काखेत ठेवला.

"रागावू नका, बाई. आमच्यात दोन नावाची बाई कोण असती, म्हाईत हाय? पाटाची. पयला नवरा मेला, दुसऱ्याच्या घरात गेली, तितं नवं नाव ठेवलं. उद्या परगावचा माणूस घाटावर उतरंल. म्हणंल, मळेवाडीत नवाच्या नऊ पाटाच्या. गावाचं नाव बुडंल."

"खाली गाव लिहू शकलो असतो. माहेर म्हणून लिहू शकलो असतो. मला विचारायचं होतं."

"तुमास्नी इचारून काय? ज्यांच्यासाठी तुमी करत हुता, त्यांनाच इचारलं की."

"कुणाला?"

नानांनी हनुवटीने बायकांच्या बाजूला दाखवलं.

बायकांच्या बाजूने

शेवंतामावशी पुढच्या सतरंजीवर बसल्या होत्या. अंगावर नवं लुगडं होतं. मला बघून त्या सरकल्या आणि त्यांनी शेजारी जागा केली. मी बसले नाही. त्यांच्यापुढे गुडघ्यांवर टेकले.

"मावशी, बघितलंत का काय केलंय?"

"बघितलं."

"मला माहीत नव्हतं. शपथ. मी सोलापूरला होते. आपण आत्ता उठू या. तुम्ही माझ्याबरोबर पुढे चला, सगळ्यांसमोर सांगा—"

"बाई."

"तुम्ही बोललात तर बाकीच्या आयाही—"

"बाई, मीच व्हय म्हटलंय."

मला वाटलं, मला नीट ऐकू आलं नाही. मागे सनईची टेप लागली होती.

"नाना दोनदा आलं घरी. म्हटलं, आमचं घर तुमचंच हाय. भिंतीचं काय ते तुमी सांगा. मी म्हटलं, बांधा."

"का?"

त्या लुगड्याच्या काठावरून बोट फिरवत राहिल्या. मग त्यांच्यामागून ओळखीचा आवाज आला.

"मला दिली की."

शालन. हिरवा चुडा, डोक्यावर पदर, गळ्यात काळे मणी. मण्यांत एक चपटा चांदीचा टाक होता, बाईचा चेहरा उठवलेला. आधीच्या बायकोचा टाक नव्या बायकोने गळ्यात घालायचा असतो, म्हणजे ती त्रास देत नाही. बहिणीचा टाक बहिणीच्या गळ्यात होता.

"आनंदाला?" मी विचारलं.

"मग काय नानाला?" शालन म्हणाली. शेजारच्या दोघी पदराआड हसल्या.

"हौसाचं बारकं हाय दीड वरसाचं," मावशी म्हणाल्या. "परक्या सवतीच्या हातात देऊ? माझी एक गेली, बाई. दुसरीला त्या घरात नांदायचंय. तुमी दोन दिस येनार, दगड लावनार, जानार. मला रोज नदीपलीकडं बघायचंय."

"मी तुम्हाला शब्द दिला होता, मावशी."

"व्हय. मीच मोडला. तुमच्याकडनं न्हाई मोडला." आणि त्यांनी त्या दिवशीसारखेच माझे हात धरले. मी काढून घेतले.

एवढं मात्र मला आजही नेमकं आठवतं. सरांचा राग आला होता, नानांचा आला होता. पण ते असं करू शकतात हे मला कुठेतरी ठाऊक असणार. मी ज्या बाईसाठी दगड उभे केले होते, तिनेच भिंत सांगितली होती. मला उठून नदीत जाऊन तोंड धुवावंसं वाटलं. तिथे जायला भिंतीला वळसा घालावा लागला असता.

माईकवरचे गुरुजी म्हणाले, "आता स्मारकाचे वास्तुविशारद नऊ भगिनींची नावं वाचतील."

सरांनी मांडवातून मला खूण केली. कागद पुढे धरला. तू वाच. हाही पेढाच होता. मी मान हलवली. मग ते स्वतः उभे राहिले. सरांचा आवाज चांगला होता. धीमा, भारदस्त. लोक उभे राहिले, पुरुषांनी टोप्या काढल्या.

"मालन बाबूराव शिंत्रे."

शांतता.

"कमल तुकाराम शिंत्रे."

शांतता. कुठेतरी एक बाई हुंदका देऊन थांबली.

"सुमित्रा दत्तू पोवार."

शांतता.

"सुवर्णा आनंदा मगदूम."

"ओ," शालन म्हणाली.

मोठ्याने नाही. भांडी घासताना कुणी आतून हाक मारली की बाई देते तसा ओ. म्हणाली आणि दोन पावलं पुढेही गेली.

सरांनी कागदावरून वर बघितलं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मांडवाच्या मागच्या बाजूला कुणीतरी फिसकन हसलं.

माझ्या कानाशी शेजारची म्हातारी कुजबुजली. "हिचंबी सुवर्णाच ठिवलंय. रेशनकारडावर ते नाव हुतंच. नाना म्हटलं, कशाला तलाठ्याच्या दारात हेलपाटं."

मी शेवंतामावशींकडे बघितलं. त्या दगडाकडे बघत होत्या. दगडावर काय लिहिलंय हे त्यांना वाचता येत नव्हतं, पण आता त्यांना ते ऐकू आलं होतं. त्यांचं तोंड अर्धवट उघडं होतं. आपण काय बांधायला सांगितलं हे त्यांना त्या क्षणी कळलं असावं. त्या मांडवात कुणाहीपेक्षा त्या जास्त फसल्या होत्या, आणि तरी मला त्यांची दया आली नाही.

"शालन," त्या म्हणाल्या. नाना फेट्याखालून बघत होते. "मागं सर."

सरांनी घसा साफ केला. "सखुबाई विठू कांबळे," ते म्हणाले, आणि उरलेली नावं जरा भरभर वाचली.

मग ज्याने त्याने आपापल्या दगडाला हार घालायचा होता. मगदुमांच्या घरातून आनंदा पुढे आला, हार घालून बाजूला झाला. देखणा, थकलेला माणूस. कडेवर मूल होतं. नाना म्हणाले, "हळदीकुंकू सवाष्णीनं लावायचं. चल गं, सुवर्णा."

शालन ताट घेऊन पुढे गेली. मी शेजारच्या दगडाशी जाऊन उभी होते, तिच्यापासून हातभर. ती सातवी पास होती. तिने अक्षरावर बोट ठेवून सावकाश पूर्ण ओळ वाचली. तिचं नाव, तिच्या नवऱ्याचं नाव, तिचं आडनाव. मग तिने करंगळीशेजारच्या बोटाने आधी हळद लावली, वर कुंकू लावलं. दगड उन्हाने तापला होता, कुंकू कोरडं पडून खाली सांडलं. तिने बोट जिभेला लावून ओलं केलं आणि परत लावलं.

"लाव की नीट," आनंदा म्हणाला.

"लावतेय की."

मूल तिच्याकडे झेपावलं. तिने ताट एका हातात धरून त्याला दुसऱ्या कडेवर घेतलं. मुलाने लगेच तिच्या गळ्यातला टाक तोंडात घातला. वळताना तिची माझी नजरानजर झाली.

मला वाटलं, ती मला भिंतीचं विचारेल. माझ्याकडे उत्तर तयार होतं. सरांचं, नानांचं, तिच्या आईचं, सगळ्यांचं नाव घेऊन सांगणार होते.

"ओ बाई," ती म्हणाली. नेहमीच्या थट्टेच्या आवाजात, फक्त जरा हळू, आईला ऐकू जाऊ नये म्हणून. "मी मेले तर नवा दगड करू नका हां. ह्योच चालंल."